भादलीचा निकाल आणि चळवळीची जबाबदारी

नशिराबादला लागून भादली बुद्रुक हे गाव आहे. जळगाव-भुसावळ लोहमार्गावरचे स्टेशन एवढीच त्याची बाहेर ओळख. डिसेंबर 2020 मध्ये तेथील अंजली गुरु संजना जान या तृतीयपंथी भगिनीने ग्रामपंचायत निवडणुकीत महिला राखीव जागेसाठी उमेदवारी अर्ज भरला. लिंगाच्या रकान्यात त्यांनी तृतीयपंथी असे लिहिले आणि आरक्षणासाठी स्त्री हा पर्याय निवडला. 31 डिसेंबरच्या छाननीत अर्ज बाद झाला. कारण काय? तर अर्जदार तृतीयपंथी आहे आणि तृतीयपंथीयांसाठी कोणतीच जागा राखीव नाही!

‘तुमच्यासाठी येथे जागा नाही’ हे वाक्य आमच्या समाजाला नवे नाही. पाणवठ्यावर, शाळेत, देवळाच्या पायरीवर आमच्या आजा-पणज्यांनी तेच ऐकले. फरक एवढाच की पूर्वी ते धर्मशास्त्राच्या नावाने ऐकवले जाई, आज नियमाच्या नावाने ऐकवले जाते.

अंजली यांनी उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात धाव घेतली. 2 जानेवारी 2021 रोजी न्यायालयाने त्यांचा अर्ज वैध ठरवला. आपली लिंगओळख ठरवण्याचा अधिकार ज्याचा त्याला आहे, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने 15 एप्रिल 2014 च्या नालसा निकालात मान्य केले होते आणि 2019 च्या कायद्यातही ते आले होते. त्याच आधारावर भादलीचा निर्णय झाला. 18 जानेवारीला मतमोजणी झाली आणि अंजली निवडून आल्या. कचेरीने ज्यांना नाकारले, त्यांना गावाने स्वीकारले. खान्देशच्या जनतेला मागासलेली म्हणून हिणवणाऱ्यांनी याची नोंद घ्यावी.

मात्र या निकालाला एक अटही जोडली गेली. पुढे संधिसाधूपणाने स्वतःला पुरुष म्हणवता येणार नाही, असे त्यांना बजावण्यात आले. निवडणुकीला उभ्या राहणाऱ्या कोणत्या पुरुषाकडून वा स्त्रीकडून अशी हमी कधी घेतली गेली आहे? हक्क देतानाही संशय घेतला जातो, हा अनुभव राखीव जागेवर शिकलेल्या आमच्या प्रत्येक तरुणाला आहे.

काही जण विचारतात, या प्रश्नाचा आंबेडकरी चळवळीशी संबंध काय? त्यांनी इतिहास पाहावा. 1871 च्या ज्या काळ्या कायद्याने इंग्रजांनी भटक्या जमातींना जन्मजात गुन्हेगार ठरवले, त्याच कायद्याच्या दुसऱ्या भागात हिजड्यांची नावे पोलीस दप्तरी नोंदवण्याची तरतूद होती. विमुक्त आणि तृतीयपंथी यांच्यावरचा कलंक एकाच कागदावर लिहिला गेला. 1934 मध्ये ‘समाजस्वास्थ्य’ मासिकातील लैंगिक प्रश्नोत्तरांसाठी र. धों. कर्वे यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. त्या प्रश्नोत्तरांत समलिंगी संबंधांचाही विषय होता. सनातन्यांचा रोष पत्करून कर्व्यांची बाजू उच्च न्यायालयात मांडली ती बाबासाहेबांनी! खटला हरला, कर्व्यांना दंड झाला. पण 6 सप्टेंबर 2018 रोजी सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी संबंधांना गुन्हेगारीच्या शिक्क्यातून मुक्त केले, ते बाबासाहेबांच्याच संविधानाच्या समता आणि प्रतिष्ठेच्या कलमांवर. तेव्हा संबंध काय, हा प्रश्नच उरत नाही.

आता मूळ मुद्दा. भादलीत हक्क मिळाला, पण वाटा मिळाला नाही. अंजली महिलांच्या जागेवर निवडून आल्या, म्हणून ‘बायकांची जागा घेतली’ असे म्हणायला काही जण मोकळे झाले. दोन वंचितांना एकाच भाकरीवर झुंजवत ठेवायचे, ही प्रस्थापितांची जुनी रीत आहे. यावर उपाय एकच, तो म्हणजे समांतर आरक्षण. तृतीयपंथीयांना सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास मानून शिक्षणात व नोकरीत आरक्षण द्या, असा आदेश नालसा निकालातच होता. तामिळनाडूने 2015 मध्ये त्यांचा अतिमागास वर्गात समावेश केला. पण मग दलित तृतीयपंथीयाने काय करायचे? जातीचा दाखला दाखवायचा की लिंगाचा? तेथील दलित तृतीयपंथी कार्यकर्त्या ग्रेस बानू यांनी नेमका हाच प्रश्न उचलून धरला. कर्नाटकाने 2021 मध्ये शासकीय नोकऱ्यांत प्रत्येक प्रवर्गाच्या आत 1 टक्का जागा ठेवल्या. तेथे जात सोडावी लागत नाही आणि दुसऱ्याचा घासही हिरावला जात नाही. महाराष्ट्रात महिलांना नोकरभरतीत याच पद्धतीचे आरक्षण आहे, तेव्हा शासनाला ही रीत शिकवण्याची गरज नाही. 2011 च्या जनगणनेत राज्यात 40 हजारांवर तृतीयपंथी मोजले गेले. ज्यांनी भीतीपोटी नोंदच केली नाही, ते वेगळे.

चळवळीने आपले दारही तपासले पाहिजे. 2024 च्या विधानसभा निवडणुकीत वंचित बहुजन आघाडीने रावेरमधून शमिभा पाटील यांना उमेदवारी दिली. त्या विजयी झाल्या नाहीत, तरी खान्देशात एक दार उघडले. पण आमच्या वस्तीचे काय? भीमजयंतीच्या मिरवणुकीत तृतीयपंथी नाचले तर आम्ही टाळ्या वाजवतो, जयंती समितीत मात्र त्यांना घेत नाही. घरातला मुलगा वेगळा निघाला तर त्याला घराबाहेर काढण्यात आम्ही इतरांपेक्षा मागे नाही. ज्यांनी बहिष्कृततेचे चटके सोसले, त्यांनीच पोटच्या लेकराला बहिष्कृत करावे, हे कोणत्या धम्मात बसते?

नशिराबादची ग्रामपंचायत जाऊन तेथे आता नगरपरिषद झाली आहे. जळगाव-धुळ्यातील प्रत्येक शहरात, गावात आमच्या कार्यकर्त्यांनी चार कामे हाती घ्यावीत. मतदार यादीत नाव, रेशनकार्ड, ओळखपत्राचा अर्ज आणि भाड्याने घर. विहाराच्या बैठकीत तृतीयपंथीयांना पाहुणे म्हणून नव्हे, सभासद म्हणून बसवावे. आणि समांतर आरक्षणाची मागणी त्यांची त्यांनी करावी असे न म्हणता आमच्या प्रत्येक निवेदनात ती पहिल्या पानावर असावी. भादलीच्या मतदाराने 2021 मध्ये जे केले, ते करायला आम्हाला कोणत्या न्यायालयाच्या आदेशाची वाट पाहायची आहे?