पासिंग गाडीचं बघता, ड्रायव्हरचं कोण बघणार?

चेन्नईतल्या कोयंबेडूच्या कांदा बाजारात दोन पक्ष आहेत आणि त्यांचा द्रमुक-अण्णाद्रमुकशी काडीचा संबंध नाही. एक पक्ष अशोक लेलँडच्या ‘दोस्त’चा, दुसरा महिंद्राच्या बोलेरो पिकअपचा. कुणी नवी गाडी घेतोय अशी कुणकुण लागली की चहाच्या टपरीवर दोन्हीकडचे प्रचारक हजर. भांडण कितीही रंगलं तरी दोघांचा पहिला प्रश्न एकच असतो: पासिंग, म्हणजे आरसीवरची वजनाची मर्यादा किती आणि खरं उचलते किती? माझ्या मते हा प्रश्न दुसऱ्या नंबरचा आहे. चेन्नईत पिकअप घेणाऱ्याने आधी केबिन बघावी, मग हौदा.

मी मूळचा निफाड तालुक्यातला, धंदा कांद्याच्या आडतीचा. लासलगाव-पिंपळगावचा माल 1300 किलोमीटरच्या आसपास रस्ता कापून मोठ्या ट्रकमधून रात्री इथे उतरतो. हा बाजार 1996 मध्ये जुन्या कोत्तवाल चावडीतून हलवून कोयंबेडूला आणला. मोठे ट्रक इथवर येतात, पुढे शहरातल्या हॉटेलांच्या आणि दुकानांच्या दारात ते जाऊ शकत नाहीत. मैलापूरची गल्ली असो की तांबरमचं किराणा दुकान, शेवटचा प्रवास पिकअपचाच. पिकअप बंद पडली तर नाशिकचा कांदा चेन्नईत येऊनही चेन्नईकरांच्या सांबारात पडत नाही.

आता उमेदवारांकडे वळू. दोस्त 2011 मध्ये आली. अशोक लेलँडने निस्सानबरोबर भागीदारी करून ती होसूरला बनवायला घेतली. लेलँड इथली घरची कंपनी, 1948 मध्ये अशोक मोटर्स या नावाने सुरू झालेली, त्यामुळे तमिळ माणसाचा जीव तिच्यावर. गाडीचं नाक आखूड, ड्रायव्हर पुढच्या चाकांवर बसतो, अरुंद गल्लीत वळवायला सोपी. बोलेरोचं बॉनेट लांब, अंग दणकट. गावाकडच्या खडबडीत रस्त्यावर तिने नाव कमावलंय, आणि महाबलिपुरम, कांचीपुरमकडच्या लांबच्या फेऱ्यांना ड्रायव्हर तिच्यावर खूश असतात. पूर्वी दोस्त म्हणजे सव्वा टन, असा सरळ हिशेब होता. आता दोन्हींचे इतके प्रकार निघालेत की सव्वा टनापासून पुढे हवं ते मिळतं. पन्नास किलोची गोणी धरली तर सव्वा टनाला 25 गोण्या, 1.7 टनाला 34. फरक नऊ गोण्यांचा.

मी नवी पिकअप घेतोय हे कळताच निफाडहून पुतण्याचा फोन आला, ‘‘काका, आपल्या मुंबईची कंपनी सोडून तुम्ही मद्राशांची गाडी घेणार?’’ त्याला सांगितलं, बाबा रे, महिंद्राचं मोठं संशोधन केंद्र 2012 पासून इथेच, चेन्नईजवळ चेंगलपट्टूकडे आहे. गाडीच्या धंद्यात असला प्रांताभिमान फार काळ टिकत नाही. त्याने लगेच दुसरा प्रश्न टाकला, ‘‘बरं, मग उचलते कुठली जास्त?’’

खरी मेख इथे आहे. ‘जास्त उचलते’ याचा अर्थ पासिंगच्या वर किती रेटता येतं. आरसीवर लिहिलेलं वजन हे जणू सुरुवातीची बोली आहे, अशा थाटात सौदा चालतो. ‘पाटे जाड आहेत, दहा गोण्या जास्त टाका, काही होत नाही’, हे वाक्य दोन्ही पक्षांचे लोक कौतुकाने ऐकवतात. 2019 च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम 194 खाली ओव्हरलोडला 20,000 रुपये दंड आहे, वर प्रत्येक जादा टनाला 2,000. पण दंडापेक्षा मोठी गोष्ट ब्रेकची. पावसात पूनमल्ली हाय रोडवर भरलेली गाडी अचानक थांबवायची वेळ येते, तेव्हा त्या जादा दहा गोण्या मालकाच्या नव्हे, ड्रायव्हरच्या पाठीवर असतात.

आणि हा ड्रायव्हर बसतो कुठे? मे महिन्यात दुपारी माल टाकून परत येणाऱ्या पिकअपचं दार उघडून बघा. सीटवर टर्किश टॉवेल अंथरलेला आणि तो घामाने चिंब. डॅशबोर्डवर लायटरच्या सॉकेटला जोडलेला वीतभर पंखा, जो गरम हवाच इकडून तिकडे ढकलतो. काचेला आतून वर्तमानपत्र खोचलेलं, गियरजवळ ताकाची प्लॅस्टिकची बाटली. ज्या गाड्यांत इंजिन सीटखाली येतं, तिथे खालूनही शेक. इथे मेमधल्या उन्हाच्या पर्वाला ‘अग्नी नक्षत्रम’ म्हणतात. 2003 च्या मे अखेरीस चेन्नईतल्या नुंगमबाक्कमला पारा 45 अंशांवर गेला होता. विदर्भातल्या वाचकाला त्याचं नवल वाटणार नाही, पण विदर्भाच्या उन्हात घाम वाळतो तरी. समुद्राकाठच्या या दमटपणात तो वाळतच नाही, अंगाला चिकटून राहतो. पहाटे तीनला बाजारात आलेला माणूस दुपारी एकला असल्या डब्यात बसून अण्णा सालैच्या सिग्नलला उभा असतो. त्याचा डोळा लागला तर दोष कुणाचा?

सरकारला हे कळत नाही असं नाही. 1 ऑक्टोबर 2025 पासून बनलेल्या ट्रकांच्या केबिनला एसी सक्तीचा झाला. उत्तम निर्णय. पण तो लागू आहे एन-2 आणि एन-3 वर्गांना, म्हणजे मालासकट एकूण वजन साडेतीन टनांच्या वर असलेल्या गाड्यांना. आमच्या बहुतेक पिकअप बरोबर त्या रेषेच्या आत बसतात. तामिळनाडू सरकारने ऑक्टोबर 2024 मध्ये उष्णतेच्या लाटेला राज्याची आपत्ती म्हणून जाहीर केलं, मृतांच्या वारसांना चार लाखांची मदतही ठरवली. म्हणजे ऊन ही आपत्ती आहे हे राज्याला मान्य, केबिन थंड हवी हे केंद्राला मान्य. फक्त साडेतीन टनांच्या आतला ड्रायव्हर कमी तापतो, असा काहीतरी समज कुठेतरी राहून गेलाय.

आता हौसेच्या पिकअप बघा. चेन्नईहून उत्तरेला आंध्रची हद्द ओलांडली की श्रीसिटी लागते. तिथे 2016 पासून इसुझूची डी-मॅक्स व्ही-क्रॉस बनते. तिला 2022 पासून टोयोटाच्या हायलक्सची स्पर्धा आहे. शहरातल्या हौशी मंडळींत ‘व्ही-क्रॉस की हायलक्स’ हा वादही आमच्यासारखाच रंगतो. अमेरिकेत तर फोर्डची एफ-150 की शेवरलेची सिल्व्हराडो यावर घराघरांत तट पडतात. या गाड्यांत एसी असणार का, असं कुणी विचारतही नाही. मागचा हौदा मात्र बहुतेक वेळा रिकामा. हौस करावी, माझी तक्रार नाही. पण रिकाम्या पिकअपचा मालक गारव्यात आणि भरलेल्या पिकअपचा चालक भट्टीत, हा उफराटा हिशेब आहे.

‘एसीने डिझेल जास्त जातं, गाडी महाग पडते’, हे आमच्या बाजारातलं ठरलेलं उत्तर. डिझेल थोडं जास्त जातं हे खरंच आहे. पण 22 सप्टेंबर 2025 पासून मालवाहू गाड्यांवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आला. कराआधी आठ लाखांची गाडी धरली तर सरळ 80,000 रुपये वाचले. त्यातलाच एक हिस्सा केबिनवर खर्च केला तर मालकाच्या खिशाला नवी चाट पडत नाही. शिवाय चांगला ड्रायव्हर टिकवणं हाही खर्चाचाच भाग. सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाने नोव्हेंबर 2024 मध्ये निकाल दिला की हलक्या वाहनाच्या लायसन्सवर साडेसात टनांच्या आतली मालवाहू गाडी चालवता येते. म्हणून कागदावर ड्रायव्हर वाढले. पण गल्ल्या ओळखणारा, हॉटेलच्या स्टोअरवाल्याशी गोड बोलणारा, गोणी न फाडता माल उतरवून घेणारा माणूस निकालाने तयार होत नाही. उन्हाला कंटाळून तो एसी कॅब चालवायला गेला, की आपण नव्या माणसाला पुन्हा पत्ते शिकवत बसतो.

आमच्या ड्रायव्हरला विचारलं, दोस्त की बोलेरो? तो म्हणाला, ‘‘मुदलाळी (मालक), एसीवाली घ्या. पाहिजे तर दोन गोण्या कमी भरू.’’ मला हे मत दोन्ही पक्षांच्या जाहीरनाम्यांपेक्षा पटलं. शहरातल्या गल्ल्यांचा धंदा असेल तर दोस्त बरी, हमरस्त्याच्या लांब फेऱ्या असतील तर बोलेरो. हा निकाल पाच मिनिटांत लागतो, त्यासाठी टपरीवर घसा कोरडा करायची गरज नाही. आमचा धंदा गल्ल्यांचा, म्हणून मी दोस्तकडे झुकलोय, पण एसी असेल तरच. एसीशिवाय दोन्हींपैकी एकही नको.

सरकारकडे मागणी एवढीच की साडेतीन टनांची ती रेषा खाली आणा आणि मालाच्या सगळ्या गाड्यांच्या केबिनला तोच नियम लावा. तोवर मालकांनी आपल्या हातातलं करावं. शोरूमवाला सकाळी गार हवेत, रिकाम्या गाडीची ट्रायल देतो. ती घेऊ नका. पासिंगइतका माल भरा, दुपारी एकची वेळ ठरवा, चावी ड्रायव्हरच्या हातात द्या आणि तुम्ही शेजारच्या सीटवर बसा. तासाभरात तुम्हालाही कळेल कुठली गाडी घ्यायची ते.