यादी कोण करतं, तिथंच निम्मा निकाल लागतो

मंडळी, गेल्या आठवड्यात आपल्या गावातल्या एका कॉलेजात गेलो होतो. माजी विद्यार्थ्यांनी एक लाख रुपये दिलेत आणि अट एकच घातलीय: हे पैसे कुठल्या सामाजिक संस्थेला द्यायचे ते मुलांनीच ठरवायचं. सरांनी मध्ये पडायचं नाही. अमेरिकेतल्या काही विद्यापीठांत असे उपक्रम बरीच वर्षं चालतात. आपल्याकडं होतंय, आनंद आहे.

अर्ज मागवायला मुलांनी १२ संस्थांची यादी केली होती. "सर, तुम्ही पत्रकार, एकदा नजर टाका," म्हणाली. नजर टाकली आणि ओशाळलो. बहुतेक नावं पेपरातून घेतलेली. म्हणजे माझ्याच बातम्यांतून! वह्यावाटप, वृक्षारोपण, बॅनर, प्रमुख पाहुणे. ज्यांची प्रेसनोट आली त्यांची बातमी लागली, आणि बातमी लागली म्हणून नाव यादीत आलं.

सरकारी दवाखान्यात पेशंटच्या नातेवाइकांना रोज संध्याकाळी भाकरी-पिठलं देणारे लोक मात्र यादीत नव्हते. त्यांचा ट्रस्ट रीतसर नोंदवलेला आहे, हिशेबही चोख. पण ना प्रेसनोट, ना फेसबुक पेज.

आपलं सगळं लक्ष शेवटच्या मतदानाकडं असतं. खरी चाळणी आधीच लागलेली असते. ज्याला बोलावलंच नाही, त्याला आपण नाकारले गेलो हेसुद्धा कळत नाही.

मोठ्या पैशाचंही तेच. २०१३ च्या कंपनी कायद्यानं मोठ्या कंपन्यांना नफ्याच्या दोन टक्के रक्कम समाजकार्यावर खर्च करणं बंधनकारक केलं. २०२१ पासून तो पैसा घेणाऱ्या संस्थेला सीएसआर-१ फॉर्म भरावा लागतो, त्यावर सीएसारख्या व्यावसायिकाची डिजिटल सही लागते. नियम चुकीचा नाही. पण भाकरी थापणाऱ्या माणसाला हे सांगणार कोण?

हिशेब बघू नका असं मी म्हणत नाही. धर्मादाय आयुक्तांकडची नोंदणी बघा, ऑडिट रिपोर्ट मागा. पण आधी बोलवा तर खरं!

मुलांना तीनच गोष्टी सांगितल्या. निम्मी नावं गावात फिरून शोधा. आशाताई, अंगणवाडीताई, दवाखान्यातल्या मावशी यांना विचारा. अर्ज मराठीत ठेवा, दोन पानांत संपवा. आणि ज्यांना पैसे मिळणार नाहीत, त्यांना का नाही ते प्रत्यक्ष भेटून सांगा.

मागच्या बाकावरची एक मुलगी उठली. "सर, तुम्हाला ते दवाखान्यातलं काम माहीत होतं, मग बातमी का नाही केली?"

माझ्याकडं उत्तर नव्हतं. "त्यांनी कधी सांगितलं नाही," हे काय उत्तर झालं?

काल संध्याकाळी दवाखान्यात जाऊन आलो. बातमी उद्या लागेल. पण ती मी २० वर्षांच्या पोरीनं विचारल्यावर केली, हेही इथं लिहून ठेवतो.

यादी शनिवारी पक्की होणार आहे. तुमच्या गल्लीत, वस्तीवर गाजावाजा न करता काम करणारं कुणी असेल तर नाव कळवा. फोटो नसला तरी चालेल.