हौशी सुतारकाम करणाऱ्यांचं मागणीपत्र

प्रति,
पॉवर टूल्सचे उत्पादक, आयातदार आणि विक्रेते

आम्ही पुण्यातले हौशी लाकूडकाम करणारे. कोणी बँकेत, कोणी शाळेत, कोणी निवृत्त. सुट्टीच्या दिवशी गॅलरीत नाहीतर पार्किंगच्या कोपऱ्यात रंधा मारणारे. स्वस्त यंत्रांना आमचा विरोध नाही. महिन्यातून चार तास चालणाऱ्या ड्रिलसाठी मिस्त्रीच्या रोजच्या वापरातलं महागडं यंत्र घ्यायची गरज नसते. पण किंमत कमी करताना नेमकं काय कमी केलं, ते आम्हाला कोणी सांगत नाही.

तेव्हा आधी खोक्यावर खरं छापा. १८ व्होल्ट आणि २० व्होल्ट मॅक्स या दोन्ही बॅटऱ्यांत लिथियमचे सेल एकामागे एक पाचच. पहिला आकडा सर्वसाधारण दाबाचा, दुसरा पूर्ण चार्ज झाल्यावरचा. तशाच पाच सेलच्या ड्रिलवर ४८ आणि ८८ छापणं ही फसवणूक आहे. वॅटचा आकडाही मोटर किती वीज खाते तेवढाच सांगतो. पात्यापर्यंत किती ताकद पोचते, तेही छापा.

सुरक्षितता किमतीवर ठरू नये, ही आमची सगळ्यात मोठी मागणी. ४ इंची ग्राइंडर मिनिटाला सुमारे ११,००० फेरे घेतो. त्याला लावलेलं दातेरी पातं लाकडात अडकलं की तो उसळून अंगावर येतो. आमच्या एका सदस्याच्या डाव्या अंगठ्याला सात टाके पडले. पातं त्याला ग्राइंडरबरोबरच मिळालं होतं, गार्ड काढून टाकायच्या सल्ल्यासकट. ही जोडी विकणं बंद करा. टेबल सॉ कितीही स्वस्त असो, कापलेली फळी पात्यावर मिटू न देणारी रायव्हिंग नाइफ त्याला हवीच.

सुटे भाग पाच वर्षं तरी मिळावेत. आमच्यातल्या एकाचा राउटर दीड वर्षात बंद पडला. मोटरचे कार्बन ब्रश झिजून नखाएवढे उरले होते. सर्व्हिस सेंटरने ‘मॉडेल बंद झालं’ म्हणून हात वर केले. शेवटी त्याने बोहरी आळीतून जरा मोठे कार्बन आणले आणि ओट्यावर सँडपेपर ठेवून, खाचेत बसवून बघत, पुन्हा घासत मापाचे केले. बोटांवरची काळी पूड दोन दिवस गेली नाही, पण राउटर आजही चालतो. ज्याला हे जमत नाही, त्याचं यंत्र भंगारात जातं. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल सुरू केलं आहे. आपल्या यंत्रांचे नकाशे आणि सुट्या भागांच्या किमती तिथे टाका.

बॅटरीबद्दल थोडक्यात. जर्मनीत मेटाबोच्या पुढाकाराने २०१८ पासून अनेक कंपन्यांची यंत्रं एकाच बॅटरीवर चालतात. इथेही तशी सोय करा.

चर्चेची वेळ कळवावी. येताना आम्ही उघडलेली यंत्रं आणि जळालेली आर्मेचर बरोबर आणू.