आजोबा, तुम्ही जरा थांबा!

तीस वर्षांपूर्वी आमच्या वाड्यातल्या किल्ल्यांच्या स्पर्धेत माझ्या मुलीच्या किल्ल्याला पहिले बक्षीस मिळाले. बुरूज कसे रेखीव, तटबंदी कशी सरळ, हळीव कसे दाट उगवलेले! आता वाचकहो, तुमच्यापासून काय लपवायचे? तो किल्ला मी बांधला होता. मुलगी तेव्हा सात वर्षांची. ती तांब्यातून पाणी आणून देत होती.

पुढे तिची शाळा, कॉलेजातले विषय, नोकरी, सारे मीच सुचवत गेलो आणि 'पोर माझ्या शब्दाबाहेर नाही' म्हणून चारचौघांत मिरवत राहिलो. गेल्या वर्षी तिला नागपूरला बढती देऊ केली, तेव्हा तिचा फोन आला. "बाबा, काय करू?" मी उपदेशाला तोंड उघडणार, तोच ती म्हणाली, "काही ठरवायचं म्हटलं ना, की माझ्या पोटात गोळाच येतो." सदतीस वर्षांची बाई, एका मुलाची आई! त्या रात्री मला झोप लागली नाही.

त्याच आठवड्यात नातवाच्या बालवाडीत जाऊन बसण्याची माझी पाळी होती. ही बालवाडी पाऊस नसला की अंगणातल्या आंब्याखालीच भरते. ताईंनी नातवाला विचारले, "आज रोपांना पाणी घालणार, की वाळूत खेळणार?" स्वारी बोट तोंडात घालून उभी. मी लगेच म्हणालो, "वाळू! त्याला वाळूच आवडते."

"आजोबा, तुम्ही जरा थांबा. मी त्याला विचारलंय."

मी गोरामोरा होऊन गप्प बसलो. चांगली दोन मिनिटे गेली. मग तो चालत गेला आणि त्याने झारी उचलली. निम्मे पाणी रोपांना, निम्मे स्वतःच्या पायावर. माझा हात रुमालाकडे गेला, पण ताई शांतपणे म्हणाल्या, "चप्पल भिजली की रे! आता काय करू या?" त्याने क्षणभर विचार केला, चपला उन्हात ठेवल्या आणि अनवाणी पुढच्या रोपाकडे निघाला.

सुटीत ताईंशी बोललो. त्या म्हणाल्या, "मुलाला दोनच गोष्टींतून निवडू द्यावं, आणि दोन्ही आपल्याला चालणाऱ्या हव्यात. हात धुवायचेच असतील, तर 'धुणार का?' असं विचारूच नये. 'नाही' म्हणाला, तर काय करणार? त्यापेक्षा 'आधी उजवा धुऊ या की डावा?' म्हणावं. फाटकाबाहेर जायचं नाही, कुणाला मारायचं नाही, हे मात्र आम्हीच सांगतो. आणि एखादं मूल नुसतं बघत उभं राहिलं, तर तेही त्यानं निवडलेलंच असतं."

मला वाटले, हे काही नवे खूळ असावे. घरी येऊन जुनी पुस्तके चाळली आणि चूक कळली. मुलाने आपले साहित्य आपण निवडावे, हे तर माँटेसोरीबाईंनीच सांगितलेले. पण त्यांची साधने महाग. भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर काम केलेल्या ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डीला काम सुरू केले आणि अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. गावातली गरीब मुले बालवाडीपर्यंत येईनात, तेव्हा या दोघींनी बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. 'अंगणवाडी' ती हीच. साधने म्हणून शिंपले, गोटे, बिया, पाने. पुढे १९५७ साली हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले, तेव्हा गुरे राखणाऱ्या आदिवासी मुलांसाठी कुरणातच शाळा भरू लागली. कुरणात हजार पाने पडलेली असतात. त्यांतले कोणते उचलायचे, ते त्या मुलानेच ठरवायचे!

मग दिवाळी आली. नातू आमच्या अंगणात किल्ला करायला बसला, लेक शेजारी. मी विचारले, "दगड आधी की माती?" म्हणाला, "माती." किल्ला एका बाजूला कलला. माझे हात शिवशिवत होते, ते मी पाठीमागे बांधून घेतले. महाराजांच्या शेजारी, थेट सिंहासनाच्या उंचीवर, त्याने मातीची गाय बसवली. "गाय इथे कशी रे?" असे अगदी ओठांवर आले होते.

"इथे तिला सगळं दिसतं," तो आपणहून म्हणाला.

लेक हसली. मी हळूच विचारले, "नागपूरचं काय करतेस?"

"तुम्हाला काय वाटतं, बाबा?"

"मला पुष्कळ वाटतं. पण आधी तुला काय वाटतं, ते ठरव. घाई नाही."

ती बराच वेळ गप्प होती. तेवढ्यात नातवाने हाक मारली, "आजोबा, पाणी!" मी तांब्या घेऊन नळावर गेलो.

यंदाचा किल्ला नागपूरला व्हायचा आहे. मला आमंत्रण आहे. पाणी आणून द्यायला.