गाईला सलाईन आणि बाळाला अंगारा?

गाय व्याली, दुसऱ्या दिवशी बसली, मान कुशीकडे वळवली, कान गार पडले की आपला शेतकरी थांबत नाही. दुग्धज्वर त्याला ओळखता येतो. पशुवैद्यक येतात, शिरेतून कॅल्शियम देतात आणि बहुतेक वेळा गाय उठून उभी राहते. त्याच घरात आठ दिवसांच्या बाळाला झटके आले तर मात्र अंगारा लावतात, नाहीतर पोटाला डाग देतात. वास्तविक या झटक्यांचंही एक कारण रक्तातलं कॅल्शियम कमी होणं हेच असतं.

हे होतं कसं? दूध पुरत नाही म्हणून बाळाला गाई-म्हशीचं दूध पाजलं जातं. कोणी म्हणेल, त्यात तर कॅल्शियम जास्त! खरं आहे. पण फॉस्फरसही आईच्या दुधाच्या कितीतरी पट असतो. नवजात बाळाच्या मूत्रपिंडांना तो पुरेसा बाहेर टाकता येत नाही. रक्तात फॉस्फरस चढला की कॅल्शियम उतरतं. आईला ‘ड’ जीवनसत्त्व कमी असेल तर धोका आणखी वाढतो. हे झटके बहुधा पाचव्या ते दहाव्या दिवसांत, म्हणजे पाचवीच्या पूजेच्या सुमारास येतात आणि दोष सटवाईच्या माथी जातो. अपुऱ्या दिवसांच्या बाळाला किंवा मधुमेही आईच्या बाळाला पहिल्या दोन-तीन दिवसांतही हा त्रास होऊ शकतो.

झटका म्हणजे सगळं अंग आखडलंच पाहिजे असं नाही. एकच हात किंवा पाय लयीत उडणं, नजर एकटक लागणं, ओठ सारखे चोखल्यासारखे हलणं, श्वास थांबून बाळ निळं पडणं, हीही लक्षणं आहेत. साखर कमी होणं, जंतुसंसर्ग, जन्मताना गुदमरणं यांनीही झटके येतात. कारण रक्त तपासल्यावरच कळतं. म्हणून घरी औषध नको आणि गोठ्यातली कॅल्शियमची बाटली तर मुळीच नको. दवाखान्यातसुद्धा बाळाला ते हृदयाच्या ठोक्यांवर लक्ष ठेवून, अगदी सावकाश दिलं जातं. बाळाला कुशीवर निजवा, तोंडात काही घालू नका, अंग उबदार ठेवा आणि लगेच १०८ ला फोन करा. २०११ पासूनच्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात आजारी बाळाची ने-आण व सरकारी रुग्णालयातले उपचार मोफत आहेत.

हे टाळणं आपल्याच हाती आहे. सहा महिने फक्त आईचं दूध. ते कमी पडतंय असं वाटलं तर चरवीकडे हात जाण्याआधी आशाताईंना बोलवा. गरोदरपणी चौथ्या महिन्यापासून मिळणाऱ्या कॅल्शियमच्या गोळ्या रोज दोन, जेवणाबरोबर घ्याव्यात. लोहाची गोळी त्यांच्यासोबत न घेता दोन तासांच्या अंतराने घ्यावी.

सरपंच आणि ग्रामपंचायतीच्या अधिकाऱ्यांना एवढीच विनंती : उपकेंद्रात या गोळ्या आहेत की नाहीत, ते दर महिन्याला पाहा. व्यालेल्या गाईसाठी आपण रात्री-अपरात्री धावतो. बाळासाठीही तसंच धावलं पाहिजे.