म्हातारचळ म्हणण्याआधी

गेली बावीस वर्षे ज्यांच्या नजरेखालून गेल्यावाचून या अंकाचे एकही पान छापखान्यात जात नाही आणि ज्यांना आमच्या कचेरीत लहानथोर सारेच ‘मास्तर’ म्हणतात, त्या आमच्या वृद्ध मुद्रितशोधकांनी गेल्या वर्षी ऐन भाद्रपदात एकच फर्मा दोन दिवसांच्या अंतराने दोनदा मागवून घेतला आणि दुसऱ्या खेपेस तो प्रथमच पाहत असल्यासारखा वाचला, तेव्हा त्यांच्यासमोर कोणी काही बोलले नाही. पण चहाच्या वेळी कोणीतरी ‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण हलक्या आवाजात उच्चारली आणि मास्तरांची साठी उलटून सोळा वर्षे झाली एवढा हिशेब मनाशी करून बाकीच्यांनी तो प्रश्न निकालात काढला. आम्हीही काढला, हे कबूल करणे प्राप्त आहे.

त्यांच्या सूनबाईंच्या लक्षात मात्र याहून पुष्कळ आले होते. जिना उतरताना एका पायातली चप्पल मधल्याच पायरीवर निसटून राही आणि मास्तर एका पायाने अनवाणी रस्त्यापर्यंत जात, तरी त्यांना पत्ता नसे. पेन्सिल धरलेल्या बोटांना मुंग्या येत. जीभ गुळगुळीत आणि लालभडक झाल्याने आमटी झोंबे, म्हणून ते दोन्ही वेळा मऊ भातावर भागवीत. ज्या पहिल्या डॉक्टरांना त्यांनी हे सांगितले, त्यांनी ‘वयोमानाने असे व्हायचेच’ असा शेरा मारून त्यांना परत पाठवले. दुसरे डॉक्टर वयाने तरुण, पण जुन्या वैद्यांसारखे चौकस. त्यांनी स्मरणशक्तीविषयी विचारण्याआधी चप्पलेविषयी विचारले. मग औषधांची पिशवी टेबलावर रिकामी करायला सांगितली, तेव्हा मधुमेहासाठी बारा वर्षे चालू असलेले मेटफॉर्मिन आणि आम्लपित्तासाठी रोज सकाळी बिनचूक घेतलेली कॅप्सूल, या दोन गोष्टी त्यांच्यासमोर आल्या. मास्तर जन्माचे शाकाहारी, आणि दुधाशी संबंध चहात पडेल तेवढाच. रक्त तपासले, औषधांच्या दुकानात ज्याला ‘बी-ट्वेल्व्ह’ म्हणतात, ते ब-१२ जीवनसत्त्व जवळजवळ संपलेले निघाले.

या जीवनसत्त्वाचा शरीरातला जमाखर्च मोठा विलक्षण आहे. रोजची गरज अवघी दोन-अडीच मायक्रोग्रॅमची, म्हणजे तोळ्या-माशांच्या भाषेत सांगताच येऊ नये इतकी. आणि मुख्यतः यकृतात साठवलेली शिल्लक दोन ते पाच मिलिग्रॅम, म्हणजे कित्येक वर्षांची बेगमी. त्यामुळे वसूल थांबल्यावरही एखाद्या जुन्या संस्थानातला दरबारी थाट जसा काही वर्षे तसाच चालत राहतो आणि पुढे दिवाळे वाजते तेव्हा ते कोणत्या सालच्या हलगर्जीपणामुळे हे कोणालाच सांगता येत नाही, तशीच गत येथे होते. शेतातले कोणतेही धान्य वा भाजी हे सत्त्व निर्माण करीत नाही. ते काम केवळ सूक्ष्म जिवाणूंचे, आणि आपल्यापर्यंत ते पोचते दूध, अंडी, मासे, मांस यांच्या मार्फत. पोचल्यावरही ते अन्नातून सुटे होण्यास जठरातले आम्ल लागते, आणि सुटे झाल्यावर आतड्यात त्याला पार करून देण्यास जठरानेच दिलेले एक प्रथिन, जणू दस्तक म्हणून, बरोबर असावे लागते. उतारवयात पुष्कळांच्या जठराचे अस्तर झिजते आणि आम्ल उणावते. त्यावर आम्लनाशक औषधांची भर पडते. आणि मेटफॉर्मिन आतड्यातले शोषण अडवते. मास्तरांच्या बाबतीत चारही वाटा एकदम बंद झाल्या होत्या.

शिल्लक संपली की मज्जातंतूंवरील मायेलिनचे वेष्टन विरू लागते. पाऊल कोठे आहे ही वर्दी मेंदूला देणारे तंतू पाठीच्या कण्यातून जातात. ते दुबळे झाले की चप्पल निसटल्याची वर्दी वर पोचतच नाही. मेंदूतल्या तंतूंचीही हीच अवस्था होऊ शकते, आणि तिला आपण विसराळूपणा, संशयीपणा, हेकटपणा अशी स्वभावाची नावे देऊन मोकळे होतो.

मुंबईच्या गिरणगावाचा या कहाणीशी एक जुना धागा आहे. १९२८ साली लूसी विल्स या इंग्रज विदुषी गिरण्यांत काम करणाऱ्या गरोदर स्त्रियांच्या विलक्षण पंडुरोगाचा शोध घेण्यास मुंबईत आल्या, आणि विलायतेत पावाला लावून खातात त्या मार्माइट नावाच्या काळपट यीस्ट-अर्काने तो बरा होतो हे त्यांनी १९३१ साली प्रसिद्ध केले. त्या अर्कातले गुणकारी द्रव्य पुढे फोलिक आम्ल म्हणून ओळखले गेले. गंमत, खरे तर धोका, असा की हे फोलिक आम्ल ब-१२ च्या अभावाने बिघडलेले रक्तही सुधारते, पण मज्जातंतूंना वाचवीत नाही. रक्ताचा दाखला स्वच्छ मिळतो आणि आतली पडझड चालूच राहते. न्यूयॉर्कच्या जॉन लिंडेनबॉम यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ साली ब-१२ च्या अभावाने मन किंवा मज्जासंस्था बिघडलेल्या १४१ रुग्णांची हकीकत मांडली. त्यांतल्या ४० जणांच्या रक्तात पंडुरोगही नव्हता आणि तांबड्या पेशीही फुगलेल्या नव्हत्या. हिमोग्लोबिन ठीक आहे, मग काळजी नको, असे म्हणणाऱ्या घरांनी हा आकडा ध्यानात ठेवावा.

आणि हा अभाव आपल्याकडे दुर्मीळ म्हणावा, तर पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी यांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत ४४१ मध्यमवयीन पुरुषांपैकी ६७ टक्क्यांच्या रक्तात ब-१२ उणे होते, आणि शहरी मध्यमवर्गात तर हे प्रमाण ८१ टक्के होते. हे गृहस्थ काही स्मृतिभ्रंशाचे रोगी नव्हते. शिल्लक उणी असणे आणि दिवाळे वाजणे यांत अंतर आहेच. पण तेच पुरुष आता सत्तरीकडे चालले आहेत.

मात्र याच्या उलट टोकाला जाऊन ब-१२ च्या सुईला संजीवनी समजण्याचेही कारण नाही. ऑक्सफर्डच्या डेव्हिड स्मिथ यांनी २०१० साली प्रसिद्ध केलेल्या चाचणीत, सत्तरी ओलांडलेल्या आणि स्मरणशक्ती किंचित ढळलेल्या लोकांना दोन वर्षे ब-वर्गीय जीवनसत्त्वांच्या मोठ्या मात्रा दिल्या, तेव्हा मेंदूचे आकसणे सुमारे तीस टक्क्यांनी मंदावले, आणि ज्यांच्या रक्तात या जीवनसत्त्वांअभावी वाढणारे होमोसिस्टीन अधिक साचले होते त्यांच्यात विशेष मंदावले. परंतु सरसकट वृद्धांवर झालेल्या मोठ्या चाचण्यांत बुद्धीला लाभ झाल्याचे आढळले नाही. ज्याचा खजिना भरलेला आहे त्याला आणखी भरणा करून काही मिळत नाही, आणि अल्झायमरला हे औषध नव्हे. तरीही बुद्धी तल्लख करणाऱ्या गोळ्यांचा बाजार तेजीत आहे. तशी एक पूर्ण पानाची जाहिरात याही अंकाकडे आली होती, ती परत पाठवल्यामुळे आमच्या व्यवस्थापकांनी चार दिवस अबोला धरला.

मास्तरांना सुया सुरू झाल्या त्या गेल्या दिवाळीनंतर. जीभ पंधरवड्यात निवली. चप्पल फाल्गुनापर्यंत पायात टिकू लागली. स्मरण परतले ते अर्धेमुर्धे, आणि उशीर झाल्याने उरलेले कदाचित परतणार नाही असे त्या तरुण डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले आहे. यंदाचे फर्मे त्यांनीच पाहिले. प्रस्तुत संपादकीयात ‘जीवनसत्त्व’ हा शब्द प्रत्येक ठिकाणी एका त-काराने जुळवला गेला होता. मास्तरांनी एकूण एक जागी लाल खूण करून समासात ‘सत्त्व सांभाळा’ असे लिहून पाठवले. त्याच गठ्ठ्यात एका कथेचा शेवटचा परिच्छेद दोनदा पडला होता, तो त्यांच्या नजरेतून सुटला. तो आम्ही परस्पर काढून टाकला.