लाल शर्टाआड कोण कोण लपले?

१.
डेव्हिस चषकाचा विषय निघाला की एक गोष्ट हमखास सांगितली जाते. डिसेंबर १९७६, चिलीची राजधानी सांतियागो. इटलीचा आद्रियानो पानात्ता हुकूमशहा पिनोचेच्या देशात लाल शर्ट घालून कोर्टवर उतरतो, राजवटीच्या तोंडावर निषेध नोंदवतो आणि चषक घेऊन घरी परततो. गोष्ट देखणी आहे. लाल शर्टही खरा आहे. प्रश्न एवढाच, की ही गोष्ट आपण इतक्या आवडीने का सांगतो, आणि ती सांगताना कोणाकोणाला सोडून देतो?

२.
या धाग्याचे म्हणणे आधीच सांगून टाकतो. एका शर्टाला आपण इतके मोठे केले की त्याच्या आड एक सरकार, एक क्रीडासंघटना आणि एक बलाढ्य पक्ष अलगद लपून गेले. त्याच शर्टाने पानात्ताची कारकीर्दही झाकून टाकली. नैतिक धैर्याची मागणी खेळाडूकडे करायची आणि निर्णयाची जबाबदारी मात्र संस्थांना माफ करायची, ही जी आपली सवय आहे, तिचे हे उत्तम उदाहरण आहे.

३.
आधी माणूस पाहू. पानात्ताचा जन्म रोमचा, १९५० सालचा. वडील आशेन्झिओ हे रोममधल्या पारिओली टेनिस क्लबचे राखणदार. म्हणजे सुखवस्तू सभासदांच्या कोर्टांची निगा राखणाऱ्या माणसाचा हा मुलगा. १९७० साली इटलीच्या राष्ट्रीय स्पर्धेच्या अंतिम सामन्यात त्याने निकोला पिएत्रांजेलीला हरवले. पिएत्रांजेली म्हणजे १९५९ आणि १९६० चा फ्रेंच विजेता, डेव्हिस चषकात १६४ सामने खेळण्याचा विक्रम ज्याच्या नावावर आहे असा खेळाडू. इटालियन टेनिसमध्ये एका पिढीने दुसरीच्या हाती सूत्रे दिली ती त्या दिवशी. हेच दोघे पुढे सांतियागोत एकत्र असणार होते. एक खेळाडू म्हणून, दुसरा न खेळणारा कर्णधार म्हणून.

४.
आता १९७६ हे वर्ष. रोमच्या स्पर्धेत पहिल्याच फेरीत ऑस्ट्रेलियाच्या किम वॉर्विकविरुद्ध पानात्ता पराभवाच्या उंबरठ्यावर होता. वॉर्विकला तब्बल ११ मॅच पॉइंट मिळाले. पानात्ताने अकराही वाचवले. तीच स्पर्धा त्याने अंतिम सामन्यात गिलेर्मो विलासला हरवून जिंकली. पुढे पॅरिसला पुन्हा पहिल्याच फेरीत, चेकोस्लोव्हाकियाच्या पावेल हुत्काविरुद्ध, एक मॅच पॉइंट अंग झोकून देऊन मारलेल्या व्हॉलीने वाचवला. मग उपांत्यपूर्व फेरीत ब्यॉर्न बोर्ग आणि अंतिम फेरीत हॅरॉल्ड सॉलोमन, दोघेही पराभूत.

५.
बोर्गवरच्या त्या विजयाचे मोल समजण्यासाठी एक गोष्ट पुरेशी आहे. बोर्गने रोलाँ गारोस सहा वेळा जिंकले. संपूर्ण कारकिर्दीत तो तेथे फक्त दोन सामने हरला, १९७३ साली आणि १९७६ साली. दोन्ही वेळा समोर पानात्ताच होता. लाल मातीवर बोर्गला पाच सेटच्या लढाईत थकवणे जवळजवळ अशक्य होते. पानात्ताने त्या लढाईचे स्वरूपच बदलले. आखूड चेंडू टाकून बोर्गला पुढे खेचणे, स्वतः जाळ्यापाशी धावणे, त्याला लय सापडू न देणे, ही त्याची रीत होती.

६.
तरीही पानात्ताची लोकप्रिय प्रतिमा कोणती? देखणा, विलासी, सरावाचा कंटाळा असलेला रोमन. ११ मॅच पॉइंट आळशी माणूस वाचवत नसतो. रोम, पॅरिस आणि डेव्हिस चषक हे तिन्ही एकाच वर्षात जिंकणारा आणि जागतिक क्रमवारीत चौथ्या स्थानापर्यंत पोचलेला हा खेळाडू. त्याच्यानंतर इटलीच्या पुरुष खेळाडूला ग्रँड स्लॅम एकेरी जिंकायला २०२४ साल उजाडावे लागले. यानिक सिनरने मेलबर्नला ती ४८ वर्षांची प्रतीक्षा संपवली. अशा कारकिर्दीचा सारांश ‘ऐदी प्रतिभावंत’ किंवा ‘लाल शर्टवाला’ एवढाच करणे हा इतिहासलेखनातला आळस आहे, खेळाडूचा नव्हे.

७.
आता सांतियागो. ११ सप्टेंबर १९७३ रोजी लष्कराने साल्वादोर आयेंदे यांचे निवडून आलेले सरकार उलथवले. त्यानंतरचे सुमारे दोन महिने एस्तादियो नासिओनाल हे राष्ट्रीय क्रीडासंकुल बंदिछावणी झाले होते. हजारो माणसे तेथे कोंडली गेली, त्यांचा छळ झाला, काहींची हत्या झाली. एक दुरुस्ती येथेच करतो. गायक व्हिक्टर हारा यांना याच मैदानात मारले असे सर्रास लिहिले जाते. त्यांना डांबले होते ते एस्तादियो चिले या दुसऱ्या, बंदिस्त सभागृहात. १९७६ चा डेव्हिस चषक अंतिम सामना मात्र याच राष्ट्रीय संकुलातल्या टेनिस कोर्टवर व्हायचा होता.

८.
या जागेवर खेळायचे की नाही, हा प्रश्न टेनिसच्या आधी फुटबॉलला पडला होता. नोव्हेंबर १९७३ मध्ये विश्वचषक पात्रतेचा परतीचा सामना येथे होता आणि सोव्हिएत संघाने येण्यास नकार दिला. फिफाच्या पाहणी पथकाने मैदान खेळण्यायोग्य ठरवले होते. २१ नोव्हेंबरला चिलीचा संघ एकटाच मैदानात उतरला, चेंडू एकमेकांकडे सरकवत पुढे गेला आणि रिकाम्या जाळ्यात गोल करून आला. एका आंतरराष्ट्रीय संस्थेने आपले डोळे मिटून घेतले की कसले दृश्य तयार होते, हे पाहायचे असेल तर तो सामना पाहावा.

९.
१९७६ साली डेव्हिस चषकाच्या उपांत्य फेरीतही चिलीसमोर सोव्हिएत संघच आला आणि त्याने पुन्हा नकार दिला. चिली न खेळता अंतिम फेरीत पोचला. इकडे इटलीने रोममध्ये ऑस्ट्रेलियाला हरवले. आता प्रश्न इटलीपुढे होता. जून १९७६ च्या निवडणुकीत इटालियन कम्युनिस्ट पक्षाला ३४ टक्क्यांहून अधिक मते मिळाली होती आणि आंद्रेओत्ती यांचे अल्पमतातले सरकार त्याच पक्षाच्या तटस्थतेवर तरले होते. म्हणजे ‘सांतियागोला जायचे का’ या प्रश्नावर सत्ताधारी आणि विरोधक दोघांकडेही निर्णायक शब्द होता.

१०.
तो शब्द कोणी उच्चारला? सरकारने बंदी घातली नाही. निर्णय क्रीडासंस्थांकडे सोपवून ते मोकळे झाले. कम्युनिस्ट पक्षाने सुरुवातीला विरोध केला आणि मग तो हळूच मागे घेतला. चिलीच्या भूमिगत कम्युनिस्टांकडूनच ‘या, चषक पिनोचेच्या हाती फुकट देऊ नका’ असा निरोप आला होता, असे सांगितले जाते. उघडपणे, नावानिशी, ‘आपण गेले पाहिजे’ असे सांगत फिरणारा माणूस एकच होता, कर्णधार पिएत्रांजेली. शिव्याही त्यालाच मिळाल्या. रस्त्यावरच्या मोर्चांत पानात्ताला लक्षाधीश आणि पिनोचेला रक्तपिपासू म्हणणारी यमकबद्ध घोषणा दिली जात होती. मंत्र्यांच्या नावांशी मात्र पिनोचेचे यमक कोणी असे जुळवले नाही.

११.
१७ ते १९ डिसेंबर या तीन दिवसांत सामना झाला. पहिल्या दिवशी कोर्रादो बाराझ्झुत्ती आणि पानात्ता यांनी आपापले एकेरी सामने जिंकले. दुसऱ्या दिवशी, १८ डिसेंबरला, दुहेरीसाठी पानात्ता आणि पाओलो बेर्तोलुची लाल शर्ट घालून उतरले. दडपल्या गेलेल्या विरोधकांचा तो रंग होता. पहिला सेट गमावूनही त्यांनी सामना जिंकला आणि चषक निश्चित झाला. अंतिम निकाल ४-१. डेव्हिस चषकावर इटलीचे नाव प्रथमच कोरले गेले.

१२.
आता त्या शर्टाची दखल कोणी घेतली ते पाहू. इटलीत नियमित रंगीत दूरचित्रवाणी सुरू झाली फेब्रुवारी १९७७ मध्ये. घरच्या पडद्यावर लाल आणि निळा दोन्ही राखाडीच होते. या गोष्टीला आजची प्रसिद्धी मिळाली ती फार पुढे, पानात्ताच्या स्वतःच्या आठवणींतून, २००९ साली मिम्मो कालोप्रेस्ती यांनी लाल शर्टावरच केलेल्या माहितीपटातून आणि २०२२ च्या ‘उना स्क्वाद्रा’ या मालिकेतून. आणि गंमत अशी, की दुसरा लाल शर्ट बेर्तोलुचीच्या अंगावर होता, हे गोष्ट सांगणारे बहुतेक जण विसरतात. दंतकथेला एकच नायक परवडतो.

१३.
याचा अर्थ तो शर्ट खोटा किंवा फुकाचा ठरत नाही. मैदानात बसलेल्यांनी रंग पाहिला होता, आणि त्या देशात त्या वर्षी तो रंग पाहणे ही लहान गोष्ट नव्हती. पण त्या शर्टाने राजवटीचे काय बिघडले? सामना ठरल्याप्रमाणे झाला, प्रेक्षक आले, चिली हा ‘नेहमीसारखा देश’ असल्याचे चित्र जगापुढे गेले. राजवटीला हवे ते मिळाले. पानात्ताला जे करता येण्यासारखे होते ते त्याने केले. ज्यांना त्याहून अधिक करता आले असते ते रोममध्ये बसून होते.

१४.
त्याच दिवशी, १८ डिसेंबर १९७६ रोजी, झुरिकच्या विमानतळावर एक देवघेव झाली. पिनोचेने आपल्या कैदेतले चिलीच्या कम्युनिस्ट पक्षाचे सरचिटणीस लुईस कोर्वालान यांना सोडले. बदल्यात सोव्हिएत संघाने आपल्या कैदेतला असंतुष्ट लेखक व्लादिमिर बुकोव्स्की सोडला. म्हणजे ज्या राज्याने छळछावणीच्या मैदानात खेळण्यास दोनदा नकार दिला, त्या राज्याच्या स्वतःच्या तुरुंगांतही विचारांसाठी माणसे खितपत होती. बहिष्कार टाकला म्हणून कोणी आपोआप निष्कलंक होत नाही, हे शिकवायला याहून चांगली तारीख सापडणार नाही.

१५.
‘मग बहिष्कारच योग्य होता का?’ या प्रश्नावर आपल्याकडचे उदाहरण आहे, आणि त्याचा एक टप्पा पुण्यातून जातो. १९७४ साली भारताने पुण्यात सोव्हिएत संघाला हरवून डेव्हिस चषकाची अंतिम फेरी गाठली. समोर दक्षिण आफ्रिका होती. १९४६ सालीच वर्णद्वेषामुळे त्या देशाशी व्यापार तोडणाऱ्या भारताने अंतिम सामना खेळण्यास नकार दिला. चषक दक्षिण आफ्रिकेला न खेळता मिळाला आणि तिचे नाव आजही विजेत्यांच्या यादीत आहे. भारताला हा चषक कधीच जिंकता आलेला नाही.

१६.
दोन्ही प्रसंग शेजारी ठेवून पाहा. चिलीच्या विरोधकांना जी भीती वाटत होती, ती भारताच्या बाबतीत अक्षरशः खरी ठरली: चषक अन्यायी राजवटीच्या घरी गेला. तरीही भारताचा निर्णय मला अधिक सरळ वाटतो, कारण तो देशाच्या जाहीर धोरणातून आला होता आणि देशाने तो देशाचा म्हणून मान्य केला. मात्र त्याची किंमत मोजली ती विजय अमृतराज, आनंद अमृतराज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी. आपण १९७४ चा अभिमान मिरवतो तेव्हा त्या खेळाडूंच्या हुकलेल्या संधीवर मिरवत असतो, हे विसरू नये.

१७.
दोन आक्षेप येतील. पहिला: ‘खेळात राजकारण आणू नका.’ सांतियागोच्या त्या संकुलात राजकारण खेळाडूंनी आणले नव्हते, सैनिकांनी आणले होते, बंदुका घेऊन. दुसरा: ‘पानात्ता सज्ञान होता, त्याने नकार द्यायचा होता.’ देता आला असता. तो प्रश्न त्याला विचारण्याचा हक्क चिलीच्या बंदिवानांना नक्कीच आहे. पण ज्या राज्यकर्त्यांनी स्वतः ‘जा’ही म्हटले नाही आणि ‘जाऊ नका’ही म्हटले नाही, त्यांना तो हक्क नाही. त्यांच्या वतीने सदसद्विवेकाचे ओझे २६ वर्षांच्या एका टेनिसपटूने वाहावे, ही अपेक्षाच अन्यायाची आहे.

१८.
पिएत्रांजेलीचे पुढे काय झाले तेही पाहा. १९७७ साली इटली पुन्हा अंतिम फेरीत गेली, सिडनीत ऑस्ट्रेलियाकडून हरली, आणि त्यानंतर त्याचे कर्णधारपद गेले. पानात्ता १९७९ आणि १९८० च्या अंतिम सामन्यांतही खेळला, इटली दोन्ही हरली. इटलीला दुसरा डेव्हिस चषक मिळाला तो थेट २०२३ साली. मधल्या ४७ वर्षांत सांतियागोचा विजय देशाला नीट साजराही करता आला नाही आणि नीट नाकारताही आला नाही. ही अडचण निर्णय टाळण्यातून आली होती. मग उतारा म्हणून एक लाल शर्ट सापडला, आणि सगळ्यांनाच हायसे वाटले.

१९.
म्हणून पुढच्या वेळी कोणी तुम्हाला एखाद्या खेळाडूच्या निषेधाची गोष्ट सांगेल, मग तो शर्ट असो, काळी फीत असो वा उंचावलेली मूठ, तेव्हा तिचा आदर जरूर करा. पण लगेच तीन प्रश्न विचारा. संघ पाठवण्याच्या कागदावर सही कोणाची होती? ती सही करणाऱ्याने स्वतः काय पणाला लावले? आणि खेळाडू घरी परतला तेव्हा तो माणूस कोठे उभा होता? सांतियागोपुरती या तिन्हींची उत्तरे शोधत गेलात तर शर्टाच्या गोष्टीत न भेटलेली बरीच माणसे भेटतील.

(धागा समाप्त. मतभेद असल्यास अवश्य मांडा, पण कृपया तारखांसह.)